यी-हेईचं नाव लिहून होईपर्यंत

पहिलीच्या वर्गात मिसनी श्रुतलेखनाचा पहिला शब्द सांगितला, तेव्हा आमची यी-हेई कागदावर स्वतःचं नाव लिहीत होती. मिस तिसऱ्या शब्दावर पोचल्या तरी ती नावच लिहीत होती. "कागद पुढे द्या" हा हुकूम आला तेव्हा नाव पुरं झालं होतं, शिवाय पहिल्या शब्दाची एक आडवी रेघही ओढून झाली होती. त्या एका रेघेला गुण द्यायची पद्धत हाँगकाँगमध्ये अजून सुरू झालेली नाही. कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईचं, चांगलं गोल गरगरीत शून्य होतं.

"नाव मात्र काय सुरेख काढलंय!" माझी बायको लाई-सिन म्हणाली. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, आणि डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिच्या अपेक्षा मुळातच कमी झाल्या आहेत.

मला मात्र खुर्चीत बसवेना. मी सतरा मजले उतरून खाली गेलो, काही काम नसल्यामुळे परत वर आलो, फ्रिज उघडला, बंद केला, आणि पुन्हा ते शून्य बघितलं.

आता यात पोरीचा काय दोष? आमचं आडनाव कुंग. म्हणायला एवढंसं. पण लिहिताना वर एक अख्खा ड्रॅगन काढावा लागतो, शिंगं, पोट, शेपटीसकट, आणि तो संपला की त्याच्या खाली 'एकत्र' हे अक्षर. 'यी' म्हणजे सद्गुण. सद्गुणाला किती रेघा लागतात हे तो अंगी बाणवणाऱ्यांनाच ठाऊक. आणि 'हेई' म्हणजे कोवळं ऊन. हे ऊन देवळाजवळच्या ज्योतिषाने आणलं. मुलीच्या पत्रिकेत अग्नी कमी आहे, असं त्याने माझ्या आईला सांगितलं, आणि आईने तिथल्या तिथे सूर्य असलेलं अक्षर पसंत केलं. सगळ्या मिळून साठाच्या वर रेघा. एवढ्या रेघांत बाकीची पोरं श्रुतलेखनाचे निम्मे शब्द लिहून मोकळी होतात.

त्यात तिच्या शेजारच्या बाकावर बसते डिंग यात. 'डिंग'ला दोन रेघा, 'यात'ला एक. 'यात' म्हणजे एक, आणि एक लिहायचा तर एकच आडवी रेघ. झालं नाव! ही मुलगी आमच्याच इमारतीत राहते आणि तिची आई, डिंग ताई, मला लिफ्टमध्ये भेटतात.

"आम्ही बाई पोटात असतानाच ठरवलं होतं," डिंग ताई म्हणाल्या. "म्हटलं, नाव असं हवं की परीक्षेत वेळ वाचेल."

मी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. लिफ्ट चालूच होती.

त्या संध्याकाळी मी घरात जाहीर केलं की एका महिन्यात यी-हेई मिटल्या डोळ्यांनी नाव लिहील, आणि चिनी-इंग्रजी दोन्ही लिहिणं-वाचणं मी स्वतः बघीन. मी जहाजांच्या विमा कंपनीत आहे. बुडालेल्या मालाबद्दल मी जी इंग्रजी पत्रं लिहितो ती वाचून समोरच्या पार्टीला आपला माल बुडाल्याचा आनंद व्हावा, असं साहेब एकदा म्हणाले होते. तेव्हा सहा वर्षांच्या मुलीला शिकवणं मला जड जाणार नव्हतं.

पहिल्या दिवशी चौकटींचा कागद घेतला. चिनी अक्षर कसंही असो, त्याने आपल्या चौकटीत राहायचं असतं. यी-हेईचा ड्रॅगन चौकटीत मावेना. त्याची शेपटी शेजारच्या घरात गेली, तिथे सद्गुणाची अडचण झाली, आणि कोवळं ऊन कागद संपल्यामुळे टेबलावर पडलं.

"बाबा, याचं घर लहान आहे," ती म्हणाली.

"आपलंही लहानच आहे. आपण राहतो ना?"

"पण आपण ड्रॅगन नाही."

यावर मी पाणी प्यायला उठलो.

आमच्या इमारतीत एखाद्याला अडचण आली की ती लिफ्टने सगळ्या मजल्यांवर पोचते. दुसऱ्या दिवशी एकोणिसाव्या मजल्यावरच्या लो ताईंनी मला गाठलं. "कुंगसाहेब, पेन्सिल काढून घ्या हो तिच्या हातातली! बोटाने लिहायला लावा, वाळूत. माझ्या भाचीचं असंच झालं होतं. आता विद्यापीठात आहे."

वाळू कुठून आणायची? मी ताटात तांदूळ पसरले. यी-हेईने बोटाने ड्रॅगन काढला, तो मनाजोगता आला नाही म्हणून हाताने पुसला, आणि दोन शेर तांदूळ घरभर झाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"पाक-यिन, अन्नात लिहितोस?"

"आई, ही शिकवण्याची नवी पद्धत आहे."

"तुला मी जुन्या पद्धतीने शिकवलं. कान धरून. तुला येतं की नाही लिहायला?"

हे वाक्य तिने सहज टाकलं. मीही तेव्हा सहजच ऐकलं. पुढे आठवडाभर आमच्या भातात कचकच लागत होती आणि झाडू मारणारं यंत्र खोकत होतं.

मग मोक सर. हे चाळीसेक वर्षं चिनी शिकवून निवृत्त झालेले, सकाळी खालच्या बागेत हातपाय हवेत तरंगवत असतात. मी प्रश्न विचारला तेव्हा त्यांचा एक पाय वर होता, तो त्यांनी उत्तर संपेपर्यंत खाली आणला नाही.

"कुंच्याशिवाय अक्षर नाही. पाठ ताठ, कोपर वर. पहिलं वर्ष फक्त आडवी रेघ."

"सर, पुढचं श्रुतलेखन पंधरवड्यात आहे."

"मग फक्त अर्धी रेघ."

तेवढ्यात भाजी घेऊन डिंग ताई आल्या. "एवढं कशाला? सोपी लिपी शिकवा ना! सीमेपलीकडे चीनमध्ये सगळे तीच लिहितात. कुंगचा ड्रॅगन चार-पाच फटक्यांत होतो."

मोक सरांचा पाय खाली आला. "ड्रॅगनची शिंगं काढा, पोट काढा, आणि उरलेल्या पालीला ड्रॅगन म्हणा! बाई, उद्या रेघा वाचतात म्हणून माणसाला डोकं काढायचं नाही का?"

"वाचत असेल वेळ तर काय हरकत आहे?" डिंग ताई म्हणाल्या. पुढे अर्धा तास दोघं माझ्या मुलीच्या भवितव्यावर भांडत होती, आणि मला कुणी मध्ये बोलू दिलं नाही. ऑफिसला उशीर झाला तो वेगळाच.

मी कुंचा आणला. शाईचा एक थेंब सोफ्यावर, एक आईच्या चपलेवर, बाकीची यी-हेईवर. पण कागदावर मात्र, खरं सांगतो, पहिल्यांदाच काहीतरी कुंगसारखं दिसलं. मी उत्साहाने तो भलामोठा कागद वाळायला खिडकीत ठेवला. वारा आला. कागद गेला.

तासाभराने इमारतीच्या व्यवस्थापनाचा माणूस दारात. आमच्याकडे वरून वस्तू टाकणं हा भलताच गंभीर गुन्हा. त्याच्या हातात ओला कागद, आणि खाली वाळत घातलेल्या कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टाचा फोटो. शर्टाच्या पाठीवर सद्गुण छापून आला होता.

"हे आपल्याकडचं का?"

"कशावरून आमचं?" मी ताठ होऊन विचारलं.

"नाव लिहिलंय ना." त्याने कागद जवळ नेला, लांब धरला. "म्हणजे वाचता नाही येत मला. पण इमारतीत एवढ्या रेघांचं एकच घर आहे, असं लो ताई म्हणाल्या."

माझी मान खाली गेली. सद्गुणाचं जरा गिचमिड झालं होतं, पण बाकी तपशील बरोबर होता. शर्ट मोक सरांचा निघाला. त्यांनी मागणी काहीच केली नाही, फक्त 'यी'मधल्या एका आडव्या रेघेची लांबी चुकल्याचं लेखी कळवलं.

मी म्हटलं, ठीक आहे, चिनी थोडं बाजूला ठेवू. इंग्रजीत तर सव्वीसच अक्षरं! आणि तिथे मी राजा. शाळेसाठी तिला इंग्रजी नाव लागतं, ते मी स्वतः निवडलं होतं: थिओडोरा. डिंग यातचं इंग्रजी नाव जो. त्याबद्दल मी काही बोलू इच्छित नाही.

यी-हेईने चौकटींचा कागद ओढला आणि थिओडोरा लिहिलं. सगळं एकाच चौकटीत! टी आणि एच वरच्या मजल्यावर, ई डावीकडे, दोन्ही ओ खाली शेजारी शेजारी, बाकीचे जिथे जागा मिळेल तिथे कोंबलेले. दिसायला अगदी भारदस्त चिनी अक्षर.

"अगं, इंग्रजी अक्षरं एका रांगेत उभी राहतात!"

"का? आत या म्हणावं त्यांना."

वाचनाची कथा आणखी न्यारी. चित्रांच्या पुस्तकातून ती धडाधड वाचून दाखवायची आणि मी फुशारून जायचो. मग एके दिवशी तिने 'छत्री' या इंग्रजी शब्दाला 'हत्ती' म्हटलं. चौकशी केली तेव्हा कळलं की पानावरचा सगळ्यात लांब शब्द म्हणजे हत्ती, असा तिचा हिशेब. 'बघ' या शब्दात मध्ये दोन गोल डोळे आहेत, म्हणून तो येतो. बाकी सगळं ती चित्रावरून बोलत होती. शब्दाचे आवाज सुटे करायचे असतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चिनीत ती अक्षराचा चेहरा ओळखायची, तशीच इथे शब्दाचा चेहरा ओळखत होती.

मी नदीचा इंग्रजी शब्द लिहिला. तिने त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं.

"बाबा, पाणी कुठाय?"

चिनीत नदी, समुद्र, घाम, सगळ्यांच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब असतात. मी म्हटलं, "इंग्रजीत पाणी दाखवत नाहीत."

"आहे की!" तिने 'आय'वरच्या टिंबावर बोट ठेवलं. "एकच थेंब आहे. वाळलेली नदी आहे."

मग चाकूच्या आधी जो मुका 'के' येतो तो कशाला, असं तिने विचारलं. मी इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणारा माणूस, मला सांगता येईना. "तो आहे, पण बोलत नाही," मी म्हटलं. "मा-मा रुसली की बसते तसा?" तिने विचारलं. मा-मा म्हणजे माझी आई. आईने आतून ऐकलं, आणि त्या दिवशी खरोखरच तशी बसली.

दुसऱ्या श्रुतलेखनात यी-हेईने नाव लिहून दीड शब्द लिहिला. माझ्या मते ही घोडदौड होती. पण शाळेतून येताना ती गप्प होती. जेवताना म्हणाली, "मुलं म्हणतात, माझं नाव येईपर्यंत घंटा होते." आणि भात चिवडत बसली.

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. मी उठलो, खोलीत तीन फेऱ्या मारल्या (आमच्या खोलीत एवढ्याच मारता येतात, मग भिंत लागते) आणि म्हणालो, "नाव बदलू!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "वकिलाकडून दस्त करायचा, नोंदणी कचेरीत द्यायचा. लोक बदलतात. सोपं, सुटसुटीत नाव."

"अग्नी कुठून आणणार?" आईने विचारलं.

"साध्या नावात पण आणता येईल."

"पण आडनावाचं काय?" लाई-सिन म्हणाली. "नाव कितीही सोपं केलंत तरी ड्रॅगन राहणारच."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"नाहीतर," ती भाजी वाढत अगदी सहज म्हणाली, "माझं आडनाव लावू. यू. तीन रेघा."

आईने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "म्हणजे कुंगांचं घर माझ्या डोळ्यांदेखत बंद?"

"आई, बंद कसलं? तीन रेघांचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"तुझ्या आजोबांनी चीनमधून येताना दुसरं काही आणलं नव्हतं. आडनाव तेवढं आणलं!" आई उठली आणि आतल्या खोलीत जाऊन निजली. पुढचे काही दिवस ती फक्त पेजेसाठी उठत होती, आणि पेजही भिंतीकडे तोंड करून पीत होती.

मी मधला मार्ग काढला. आडनाव तेच, पुढचं नाव सोपं. ज्योतिषाने थोडक्यात मावणारा अग्नी शोधून दिला. वकिलाने दस्ताचा मसुदा केला. लो ताईंनी चांगला दिवस काढून दिला. डिंग ताईंनी "उशिरा का होईना" म्हटलं. मोक सर माझ्याशी बोलायचे थांबले. नोंदणी कचेरीने पहिल्यांदा परत पाठवलं, कारण माझ्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग लग्नाच्या दाखल्यावर एका अक्षराने वेगळं होतं. दुसऱ्यांदा परत पाठवलं, कारण आई-वडील दोघंही समोर हवेत. तिसऱ्या खेपेला लाई-सिनने दुकानातून सुट्टी घेतली, यी-हेईला शाळा बुडवून आणली, आणि आम्ही तिघं टोकन घेऊन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. म्हणजे त्या दोघी बसल्या. मी आकड्यांच्या पाटीखाली येरझाऱ्या घालत होतो.

आमचा नंबर लागला. खिडकीतल्या बाईंनी कागद तपासले, मान डोलावली, आणि एक अर्ज सरकवला. "इथे मुलीचं सध्याचं चिनी नाव. स्वतःच्या हाताने, खाडाखोड न करता."

मी ऐटीत पेन उघडलं. कुंग लिहिलं. ते रक्तातच आहे. मग 'यी'. डावीकडचा भाग आला. उजवीकडचाही आला. आणि मग पेन थांबलं.

आता बघा, मी रोज चिनी वाचतो. पेपर वाचतो, दुकानांच्या पाट्या वाचतो, मुलीच्या चुका दिसतात. पण लिहायचं म्हणजे फोनवर दोन खुणा करायच्या, की खाली अक्षरं रांगेत उभी राहतात आणि आपण हवं ते उचलायचं. आणि पोरीला शिकवताना मी पुस्तकातला नमुना समोर ठेवून बोट दाखवत होतो. हाताने, मनातून, हे अक्षर मी शेवटचं कधी लिहिलं होतं? जन्मनोंदणीच्या दिवशीही आईनेच लिहिलं होतं.

"साहेब?" बाई म्हणाल्या.

"लिहितोय ना." मी फोनसाठी खिशात हात घातला.

"मोबाइल इथे वापरायचा नाही. तिकडे पाटी आहे."

मी जे सुचलं ते लिहिलं. बाईंनी अर्ज जन्मदाखल्याशेजारी ठेवला, एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. "हे नाव जुळत नाही. ही मुलगी आपलीच ना?"

मागच्या रांगेतले लोक पुढे झुकले. लाई-सिन छताकडे बघायला लागली. माझे कान पेटले. बुडालेल्या जहाजांवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या माणसाला सरकारी खिडकीत स्वतःच्या मुलीचं नाव लिहिता आलं नाही!

"बाबा," यी-हेई टाचा उंचावून बघत होती, "खाली मन राहिलं."

"काय?"

"खाली मन असतं. ते नसलं तर कोसळतं सगळं." तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, खुर्ची ओढली, तीवर गुडघे टेकले. बाईंनी काहीही न बोलता दुसरा कोरा अर्ज दिला. ड्रॅगन, त्याच्या खाली 'एकत्र'. मग सद्गुण, त्याखाली 'मन' हे अक्षर. मग ऊन. तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. वेळ लागला, पण मागच्या रांगेतही कुणी कुरकुरलं नाही. एवढ्याशा चौकटीत सगळं नीट बसलं होतं.

"आता इथे नवीन नाव," बाई म्हणाल्या आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. मग बहुधा नियमात नसलेलं एक काम त्यांनी केलं. त्यांनी यी-हेईला विचारलं, "तुला हवंय ना गं नवीन नाव?"

हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. यी-हेईने पेन अर्जावर ठेवलं.

"मग आता मला हे लिहिता येतं, त्याचं काय करायचं?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. लाई-सिन माझ्याकडे बघत होती. मी अर्ज घेतला, घडी घातली, आणि म्हणालो, "क्षमा करा. जरा विचार करून येतो."

"टोकन नवीन घ्यावं लागेल," बाई म्हणाल्या, पण हसल्या.

घरी येऊन लाई-सिनने सगळं आईला सांगितलं, माझ्या अक्षराच्या भागासकट. तो भाग तिने दोनदा सांगितला. आई अंथरुणातून उठली, पेज बाजूला सारली आणि मासा वाफवायला टाकला.

जेवण झाल्यावर यी-हेईने माझ्यासमोर चौकटींचा कागद ठेवला. "बाबा, श्रुतलेखन."

मी टाळायला बघत होतो. पण आई आणि लाई-सिन दोघी खुर्च्या ओढून बसल्या होत्या, सुटका नव्हती. मी आधी कोपऱ्यात माझं नाव लिहायला घेतलं. ड्रॅगन अर्ध्यावर आला तोच तिने मिसच्या आवाजात पहिला शब्द सांगितला. मग दुसरा. मग तिसरा.

"अगं थांब की जरा! नाव तर होऊ दे!"

"नाव शेवटी लिहायचं, बाबा. आधी शब्द."

"असं कसं? शाळेत नाव आधी लिहितात."

"मिस म्हणाल्या मला, तू शेवटी लिही. उरलं तर त्या लिहितील."

मी पेन खाली ठेवलं. "हे कधी म्हणाल्या?"

"झाले किती दिवस."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सगळे नाव बदलण्यात होतात," यी-हेई म्हणाली. तिने लाल पेनचं टोपण काढलं. "चौथा शब्द."